हाफनआकरची खापरं

१ ऑक्टो. २०१६, शनि.

नऊ ते बारा नांगरटीतून चाललो. इतिहास मंडळाचे अकरा जण एका ओळीत, दोघांत दोन मीटर अंतर, जुनं काही दिसतंय का बघत माना खाली. मिळालं काय, तर कौलांचे तुकडे, बाटलीचं बूच आणि कुणाची तरी अर्धी कवळी. कवळीवरून सगळे खूप हसले. मीही हसले. पाय गारठून दगड झाले होते.

हेर डोलना विचारलं, ओढ्याच्या पलीकडच्या उतारावर कधी जाणार आपण? ते इतिहास मंडळाचे अध्यक्ष, निवृत्त मास्तर. गावचा इतिहास त्यांनीच लिहिलाय, त्यामुळे त्यात जे नाही ते गावात नाही. म्हणाले, "फ्राऊ वाघमारे, तिकडे काही नाही. ऐंशी साली मी स्वतः बघितलंय." वर माझं जर्मन दुरुस्त केलं. खापरी स्त्रीलिंगी असते म्हणे. मराठीतही असतेच की.

नंतर कॉफीचे कप मी धुतले. कुणी सांगितलं नव्हतं. का धुतले?

पुण्यात आर्किऑलॉजीत एम.ए., दोन सीझन उत्खनन. इथे जर्मनीत तेरा वर्षं. पदवी 'अंशतः समकक्ष' ठरली, म्हणजे कशाच्याच कामाची नाही. सोम. ते शुक्र. शाळेत दुपारी पोरांना जेवू घालते, शनिवारी मंडळाचे कप.

५ ऑक्टो., बुध.

आई आल्या. सिद्धार्थ फ्रँकफर्टला जाऊन घेऊन आला. नव्वद दिवसांचा व्हिसा, पहिल्यांदाच विमानात. सासूबाई म्हणून धाकधूक होती, पण बाई आल्या आल्या खिडकीशी उभ्या राहून विचारतात, "हितली माती पिवळी कामून गं?" तेरा वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. अर्धा तास बोलत बसले. लेक मैत्री आजीच्या पायाला हात लावून नमस्कार करून खोलीत पळाली. आजीचं सगळं कळतं तिला, उत्तर मात्र जर्मनमधून.

९ ऑक्टो., रवि.

सिद्धार्थने आईंना प्लॉट दाखवला. सहा वर्षं गावाच्या यादीत होतो, उन्हाळ्यात नंबर लागला. हाफनआकर असं त्या शेताचं नाव. ओढ्याच्या पलीकडचा उतार. आत्ता नुसती नांगरट आणि लाल टोकाच्या चार खुंट्या. तो खुंट्यांमधून फिरून दाखवत होता: हा हॉल, हे किचन, आई, ही तुझी खोली. इतका खूश त्याला मी कधी बघितला नाही. वाल्डॉर्फच्या ऑफिसातून घरी येतो तेव्हा तोंडातून शब्द निघत नाही, आज थांबत नव्हता.

आई 'आपल्या किचनमध्ये' उकिडव्या बसल्या. मला वाटलं दमल्या. मातीतून काहीतरी उचललं, पदराला पुसलं, माझ्या हातात दिलं.

"खापर हाय बघ. जुनं हाय."

काळपट, जाड, हाताने घडवलेलं. चाकावरचं नव्हे. आणि त्यावर कोरलेल्या दोन समांतर रेघा, वळत गेलेल्या.

खिशात टाकलं. सिद्धार्थ विचारत होता, खिडकी पूर्वेला बरी की दक्षिणेला. दक्षिणेला म्हटलं.

१० ऑक्टो., सोम.

बेसिनमध्ये जुन्या टूथब्रशने धुतलं. रेघा उघड झाल्या. शंकाच नाही. ज्यांनी या भागात पहिल्यांदा शेती केली त्यांची भांडी. सात हजार वर्षं.

मैत्री: "इगिट, मामा!" म्हणजे शी, आई! "तो माझा ब्रश होता!"

तिचा नव्हता. तरी नवा आणून दिला.

१२ ऑक्टो., बुध.

शाळेला दुपारून सुट्टी, म्हणून आईंना घेऊन पुन्हा गेले. माझ्याकडे मोजपट्टी, पिशव्या, पेन, जीपीएस. आईंकडे स्वेटरवरून बांधलेला पदर आणि कॅनव्हासचे बूट. दोन तासांत मला नऊ खापऱ्या, आईंना अठ्ठावीस. मी रीतसर ओळीत चालते, त्या कुठेही चालतात आणि वाकल्या की हातात असतंच. विचारलं, कसं दिसतं तुम्हाला? "जल्मभर खुरपलंय बाई. ढेकूळ कोणतं अन् खापर कोणतं, हे डोळ्याला इच्यारावं लागत न्हाई."

मग उतारावर एका ठिकाणी थांबल्या. "हितली माती येगळी. चिकट हाय, काळी हाय. हितं कुणी तरी राख टाकायचं."

खरंच. पिवळ्या मातीत बैलगाडीएवढा काळा डाग. मी त्यावरून दोनदा गेले होते.

त्याच डागाच्या कडेला एक दगडी वाकस सापडला. लाकूड तासायचा. घासून गुळगुळीत केलेला, धार अजून शाबूत. हातात धरला आणि रडू आलं. आई दुसरीकडे बघत राहिल्या. बरं केलं.

डाग अर्धा आमच्या प्लॉटमध्ये, अर्धा शेजारच्या.

१६ ऑक्टो., रवि.

सांगितलं सिद्धार्थला. जेवण झाल्यावर, मैत्री मैत्रिणीकडे गेली तेव्हा. टेबलावर खापऱ्या मांडल्या.

आधी म्हणाला, "अरे वा." मग हळूहळू लक्षात आलं त्याच्या.

"कळवलं तर काय होईल?"

"आधी तपासणी. खरंच वस्ती असेल तर उत्खनन. मग बांधकाम."

"किती दिवस?"

"सांगता येत नाही. वर्ष. जास्तही."

घरमालकाचा मुलगा या घरात राहायला येणार आहे. पुढच्या डिसेंबरपर्यंत मुदत दिलीय, त्यापुढे एक दिवसही नाही. या गावात भाड्याने घर मिळत नाही, आडनाव वाघमारे असलं की तर नाहीच. मैत्रीची शाळा इथे. हे सगळं मला माहीत आहे. तरी त्याने एकेक करून सांगितलं, मीटिंगमध्ये सांगतो तसं.

"प्रज्ञा, तू काही बघितलं नाहीस. शेतात फिरायला गेलीस, खापरं मिळाली, बास."

"मी बघितलंय. आर्किऑलॉजिस्ट आहे मी."

"इथे नाहीयेस."

चूक कळली त्याला लगेच. पण बोलून गेला. आई आत भाजी निवडत होत्या, ऐकलं असणार. भांडी धुताना मला म्हणाल्या, "लहानपणापास्नं तसाच हाय त्यो. भ्यालं की वरडतंय." बस एवढंच. कुणाची बाजू घेतली कळलं नाही.

२२ ऑक्टो., शनि.

दिली शेवटी नोंद. असं काही सापडलं की मंडळाच्या सभासदाने फॉर्म हेर डोलकडे द्यायचा, ते तो पुढे सरकारी पुरातत्त्व खात्याकडे पाठवतात. गावासाठी नेमलेले प्रतिनिधी तेच. तीन संध्याकाळी खपून लिहिला. नकाशा, फोटो, प्रत्येक खापरीचं चित्र. लिंगं तपासली सगळ्या नामांची.

वाकस त्यांनी हातात घेऊन उलटसुलट बघितला. चष्मा काढला, परत लावला. "श्योन. सेअर श्योन." सुंदर, फार सुंदर. मग विचारलं, "आणि तुमचा प्लॉट कोणता म्हणालात?"

नकाशावर बोट ठेवलं मी.

"आख सो," म्हणाले, म्हणजे असं होय. फॉर्म फाइलीत ठेवला.

घरी येऊन सिद्धार्थला सांगितलं, दिला. त्याने मान हलवली. किचनची कॅटलॉगं कपाटात गेली. त्यापेक्षा भांडला असता तर बरं.

८ नोव्हें., मंगळ.

उत्तर नाही. डोलना फोन केला. फ्राऊ डोल म्हणाल्या, ते गुडघ्यासाठी तीन आठवडे कूरला गेलेत. म्हणजे सरकारी खर्चाने गरम पाण्यात बसलेत. फॉर्म गेला का, माहीत नाही. फाइल कुठे? माहीत नाही. कधी येणार? बघू.

मला का नाही थेट पाठवता येत? येतं. मग का नाही पाठवत? नियम मोडला की 'परकी बाई आली आणि आमच्या डोक्यावरून गेली' हेच बोलणार. ते वाक्य ऐकायची भीती. लिहिलं इथे, निदान.

१७ नोव्हें., गुरु.

हाफनआकर पूर्वी फ्राऊ त्सेलरचं. ब्याऐंशी वर्षांच्या, शेताच्या टोकाला राहतात. आई त्यांच्याकडे रोज जाऊन बसतात हे मला आज कळलं! एक मराठवाड्याची, एक इथली, बाडनची, दोघींना एकमेकींचं अक्षर कळत नाही. बटाटे सोलतात. आईंनी त्यांना लसणाची चटणी दिली, त्यांनी आईंना मोजे.

मी शेताच्या नावाचं विचारलं. इतके दिवस मला वाटायचं हाफन म्हणजे बंदर, आणि इथे समुद्र कुठला? म्हातारी हसली. चुलीवरचं पातेलं उचलून दाखवलं. "डेस इश अ हाफे." इथल्या जुन्या बोलीत हाफे म्हणजे भांडं. भांड्यांचं शेत! नांगरताना सासऱ्यांना कायम खापरं लागायची, बांधाला टाकून द्यायचे, म्हणाली.

म्हणजे सगळ्यांना माहीत होतं. पिढ्यान्‌पिढ्या. गावच्या इतिहासाच्या पुस्तकात मात्र एक ओळ नाही.

२६ नोव्हें., शनि.

बाहेर बर्फाचा चिखल. आई आणि मी खापऱ्यांवर नंबर घालत बसलो. मी लिहिते, त्या वाळवतात.

आपणहून बोलल्या. दुष्काळी कामावर होत्या, तलावाचं काम, नवीनच लग्न झालेलं. खणता खणता रांजण लागले. मोठाले, तोंडाला झाकण असलेले, आत मणी आणि हाडं. बाया घाबरल्या. मुकादमाने सगळे फोडायला लावले, वर माती ओढून घेतली. म्हणाला, साहेबांना कळलं तर काम बंद पडेल, मग उद्यापासून काय माझ्या घरी जेवायला येणार?

"मग?"

"मग काय. फोडले. म्या बी फोडला एक. मणी लई चांगले व्हते. निळे."

मी पुढचा नंबर घातला. त्या खापरी पुसत राहिल्या.

"आमचं पोटाचं व्हतं बाई. तुमचं घराचं हाय. घर बी काई ल्हान गोष्ट न्हाई. म्या न्हाई सांगायची तुला."

मला हवं होतं त्यांनी सांगावं. कुणीतरी सांगावं.

१० डिसें., शनि.

मंडळाची ख्रिसमस पार्टी. हेर डोल कूरहून ताजेतवाने होऊन आलेले. भाषणात म्हणाले, आपल्या गावाची सुरुवात दीड हजार वर्षांपूर्वी, त्याआधी इथे घनदाट जंगल.

उठले मी. म्हटलं, हेर डोल, हाफनआकरच्या नोंदीचं काय झालं? दीड हजार नाही, सात हजार. एक लिंग चुकलं, कोपऱ्यात कुणीतरी ते हळूच दुरुस्त केलं. मग खुर्च्यांची हालचाल. केक आला.

नंतर बाजूला घेतलं मला. रागावलेले नव्हते, तेच जास्त वाईट.

"फ्राऊ वाघमारे, मी पाठवला नाही. मला वाटलं तुम्ही विचार कराल. तुमचंच घर आहे तिथे. सोळा कुटुंबांची घरं आहेत. तुम्हाला या गावात अजून राहायचंय. मी तुमच्या भल्यासाठी..."

सात आठवडे. माझा फॉर्म त्यांच्या फाइलीत, माझ्या भल्यासाठी!

म्हटलं, ऐंशी साली तुम्हाला खरंच काही दिसलं नव्हतं? त्यांनी ग्लासात बघितलं. "एक-दोन तुकडे. मला वाटलं खतातून आले असतील." चेहरा एकदम म्हातारा दिसला. वर्गात चुकीचं शिकवलं गेलं हे तीस-पस्तीस वर्षांनी कळलेल्या मास्तरसारखा.

फॉर्म परत मागितला. सोमवारी देतो म्हणाले.

दया येत होती आणि राग जात नव्हता. दोन्ही घेऊन चालत घरी आले.

३० डिसें., शुक्र.

आई गेल्या. विमानतळावर मैत्रीने मराठीत एक वाक्य पाठ करून म्हटलं, अर्धं विसरली. आईंनी तिला जर्मनमध्ये "चूस" म्हटलं, म्हणजे टाटा. फ्राऊ त्सेलरकडून शिकल्या.

बॅगेचं वजन जास्त भरलं. उघडली तर आत पिशवीभर पिवळी माती. सिद्धार्थ चिडला, आई, हे काय! "आसू दे, आपल्या घरची हाय." निम्मी काढावी लागली. कचऱ्यात टाकवेना, गाडीच्या डिकीत आणली परत.

फॉर्म मिळालाय डोलकडून. टेबलाच्या खणात आहे. आता फाइल माझी झाली. अठरा दिवस झाले, मीही पाठवलेला नाही.

६ फेब्रु. २०१७, सोम.

गावाच्या पत्रकात छापून आलं: हाफनआकरमध्ये रस्ता आणि गटाराचं काम मार्चच्या सुरुवातीला चालू. फोटोत महापौर, हातात फावडं.

जवळजवळ दोन महिने मी काय केलं? डोलना नावं ठेवली आणि तेच केलं. रोज एक कारण. मैत्रीचा रिझल्ट. सिद्धार्थचं प्रोजेक्ट. थंडी.

दुपारी शाळेतून आले, कोट न काढता बसले, सगळं स्कॅन करून खात्याला थेट मेल केला. पाठवून झाल्यावर सिद्धार्थला वाल्डॉर्फला फोन. पलीकडे कँटीनचा आवाज.

"पाठवलं."

"बरं." आणि ठेवला.

८ फेब्रु., बुध.

ऑटोमॅटिक उत्तर. संबंधित अधिकारी रजेवर. तातडीचं असल्यास अमुक नंबर. अमुक नंबर उचलत नाही.

९ फेब्रु., गुरु.

उचलत नाही.

१० फेब्रु., शुक्र.

एकोणीस वेळा लावला. विसाव्यांदा उचलला. "डॉ. लेन्त्स." तरुण बाई. म्हणाली, वाकसाचा फोटो परत एकदा पाठवा, मोठा. मग दहा मिनिटांत तिचाच फोन. "तुम्ही कुठे शिकलात?"

२३ फेब्रु., गुरु.

डॉ. लेन्त्स आली. चिखलाचे बूट, छोटी लाल गाडी, पस्तिशीची. उतार चढतानाच बोलायची थांबली. बघायला लागली. मला आवडलं ते. काळ्या डागापाशी हाताने चालवायचं लांब पोकळ गिरमिट मातीत घातलं, बाहेर काढलं. वर नांगरट, खाली काळी माती, कोळशाचे कण, त्याखाली स्वच्छ पिवळी.

"खड्डा आहे. नक्की. चित्रं तुम्ही काढलीत? आमच्याकडे कुणी इतकी चांगली काढत नाही."

तेरा वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी माझं काम बघून काम कसं झालंय ते बोललं. डांके म्हटलं, म्हणजे धन्यवाद.

मग तिने खुंट्या बघितल्या. कोणाचे प्लॉट? या चार खुंट्या माझ्या, म्हणाले. ती माझ्याकडे बघतच राहिली. "शायसे," म्हणाली, चक्क शिवी. नंतर माफी मागितली.

गटाराचं काम थांबणार. आधी वरची माती दात नसलेल्या बकेटने खरवडून चाचणी, एप्रिलच्या सुरुवातीला. मग ठरेल.

१० मार्च, शुक्र.

पत्रं गेली सोळा घरी. 'काम तूर्तास स्थगित.' प्लॉटवाल्यांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप दुपारपासून पेटलाय. सिद्धार्थने फोन माझ्यासमोर धरला. कुणी केली तक्रार? थोड्या फुटक्या मडक्यांसाठी? आमचं भाड्याचं घर जूनमध्ये जातंय. आमचं बाळ ऑगस्टमध्ये येतंय. शेवटचा मेसेज मैत्रीची मैत्रीण लेना, तिच्या आईचा. आमच्या शेजारचा प्लॉट त्यांचा. काळ्या डागाचा दुसरा अर्धा भाग.

वाचता वाचता मला वाटलं यांचं काही चुकत नाही. खरंच काही चुकत नाही. माझंही चुकत नाही. मग कुणाचं चुकलं? शेत विकायच्या आधी कुणी जाऊन बघायला हवं होतं. बघायचं काम डोलचं. बघूनही... परत तेच. रोज इथेच येऊन थांबते.

१४ मार्च, मंगळ.

शाळेच्या फाटकाशी लेनाची आई. मी हॅलो म्हटलं. तिने पोटावर हात ठेवला आणि पलीकडच्या फुटपाथवर गेली. मैत्रीने बघितलं. घरी आल्यावर दप्तर आपटून, जर्मनमध्ये: तुला दुसऱ्यांची फुटलेली भांडी आपल्यापेक्षा जास्त आवडतात.

सांगायला गेले, तर दार बंद.

जेवताना सिद्धार्थचा फोन सारखा वाजत होता. ग्रुपवर कुणीतरी तक्रार डोलनेच केली असणार म्हणून त्यांचं नाव घेतलं होतं, म्हाताऱ्याला आता घरी बसवा वगैरे. सिद्धार्थ वाचत होता. चमचा खाली ठेवून टाइप केलं, मला दाखवलं नाही, पाठवलं. मग फोन उलटा ठेवला. नंतर मीच त्याचा फोन उघडून बघितला. एकच ओळ: 'नोंद माझ्या पत्नीने केली. ती आर्किऑलॉजिस्ट आहे.'

विचारलं, का लिहिलंस? "खोटं कशाला बोलायचं," म्हणाला. माझ्याशी अजून धड बोलत नाही. भाताला तूप वाढलं मी, घेतलं त्याने.

३ एप्रिल, सोम.

चाचणी सुरू. शाळेतून सुट्टी घेतली. सकाळी सात वाजता बागर आला, म्हणजे खोदायचं यंत्र, लोखंडी बकेट, कडा सपाट. ऑपरेटर इटालियन, हात इतका हलका की मातीचा एकेक पापुद्रा काढत होता. डॉ. लेन्त्सने काही न विचारता थापी माझ्या हातात दिली आणि समोरच्या पट्ट्याकडे बोट केलं. गुडघे टेकले. घासायला लागले. हाताला आठवतं सगळं.

नऊच्या सुमारास पिवळ्या मातीत पहिला गोल डाग. ताटलीएवढा, तपकिरी. दोन पावलांवर दुसरा. तिसरा. दुपारपर्यंत तीन ओळी, सरळ, सगळी अंतरं सारखी. खांबांचे खळगे. लांबलचक घर, आमचा प्लॉट आडवा कापून लेनाच्या प्लॉटमध्ये गेलेलं.

दोरीपलीकडे गाव जमलं होतं. फ्राऊ त्सेलर खुर्ची घेऊन बसलेली. हेर डोल दोन वाजता आले, काठी टेकत. दोरीशीच उभे राहिले. डॉ. लेन्त्सने आत बोलावलं तर नको म्हणाले. मी उठून गेले, माझ्या मातीच्या हातांनी दोरी वर धरली. आले मग. खळग्यांच्या ओळीवरून सावकाश चालत शेवटपर्यंत गेले, परत आले. "तीस मीटर," म्हणाले. "माझ्या बुटांखाली होतं."

सिद्धार्थ सहाला आला, वाल्डॉर्फहून थेट, ऑफिसचे बूट घालून. दोरीबाहेर. सगळे गेले होते. विचारलं, "आपलं किचन कुठे?" दाखवलं. तिथेच चार खळगे. "आणि हे लोक... इथेच शिजवायचे?" माहीत नाही म्हटलं, बहुतेक बाहेर. त्याने मान हलवली. "बूट खराब होतील," म्हणाला, आणि आत आला.

५ एप्रिल, बुध.

उद्या सकाळी नऊला ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये बैठक. महापौर, खातं, प्लॉटवाले. पूर्ण उत्खनन करायचं, की मोजमापं घेऊन आठ-दहा आठवड्यांत आटपून वर घरं बांधू द्यायची, की आमचा आणि लेनाचा प्लॉट वगळून बाकीच्यांना मोकळं करायचं. डॉ. लेन्त्स फोनवर म्हणाली, वगळणं हाच सोपा रस्ता आहे, सगळ्यांना हाच आवडेल. मग थांबली. "सगळ्यांना म्हणजे, तुम्ही दोन घरं सोडून." बदली प्लॉट? गावाकडे शिल्लक नाही. उत्खनन झालं तर मला कामावर घेईल का, हे विचारायचं होतं. विचारलं नाही. आत्ता तो प्रश्न घाणेरडा वाटतो.

लेनाच्या आईला फोन लावला. उचलला. मी आहे म्हटल्यावर ठेवला नाही. मागे बाळाच्या खोलीसाठी काहीतरी ठोकत असल्याचा आवाज, त्यांच्या भाड्याच्या घरात. मग म्हणाली, "तुम्हाला हे आधी मला सांगता आलं असतं." हो, म्हटलं. आलं असतं. ऑक्टोबरमध्येच. ते मला सुचलंच नाही, खरंच. खातं, फॉर्म, डोल, सिद्धार्थ, सगळे आठवले. शेजारीण नाही.

संध्याकाळी पोस्ट. दोन लिफाफे, दोन्ही ग्रामपंचायतीचे, दोन्ही उद्याच्याच बैठकीचे. एक आमच्या दोघांच्या नावाने, 'प्लॉटधारक' म्हणून. दुसरा एकट्या माझ्या नावाने, 'शोध नोंदवणारी व्यक्ती', डॉ. लेन्त्सच्या शेजारी बसायचं. सोबत टेबलाचा नकाशाही जोडलाय, जर्मन माणसं. प्लॉटवाले खिडकीकडे, खातं भिंतीकडे. दोन्हीकडे माझं नाव, दोन्हीकडे आडनावात एक अक्षर चुकलेलं.

सिद्धार्थने दोन्ही पत्रं शेजारी शेजारी ठेवली.

"कुठे बसणार?"

"माहीत नाही."

त्याने रजा टाकली आहे उद्याची. शर्टांना इस्त्री करतोय, माझाही एक घेतलाय.